काचेवर आपटणारे पक्षी : ठिपके कुठे, किती, कशाचे?

पाचूकवडा (धागाकर्ता) | ३० मे, सकाळी ८:१०

मे सरत आला की नवरंग येतात. रात्रभर उडून आलेला पक्षी पहाटे शहरात उतरतो आणि सकाळी ग्रुपवर फोटो येतो : 'खिडकीखाली हा रंगीत पक्षी पडलाय, कोणता?' कोकणात पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्याचं तेच. पाचू कवडा, हरियाल, तांबट, साधा खंड्या हे तर घरच्याच काचांवर आपटतात. पक्षी ओळखायला इतर धागे आहेत. इथे फक्त काचेचं बोलू.

काच दोन तऱ्हांनी फसवते. एक, आरसा. दिवसा बाहेर लख्ख उजेड आणि खोलीत अंधार असला की साध्या काचेतही समोरचं झाड, आभाळ उमटतं. रिफ्लेक्टिव्ह काच असेल तर विचारूच नका. दोन, आरपार. कोपऱ्यात काटकोनात मिळणाऱ्या दोन काचा, दोन्ही बाजूंनी काच असलेला पॅसेज, बाल्कनीचं काचेचं रेलिंग. पलीकडची हिरवाई दिसते आणि पक्षी सरळ तिकडे निघतो. आपण चौकट, हँडल, धूळ बघून 'इथे काच असणार' असा अंदाज बांधतो. पक्ष्याकडे तो अंदाज नाही. शिवाय बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, नाकासमोरचं त्यांना आपल्याइतकं रेखीव दिसत नाही.

यावर चालणारा उपाय एकच : काचेच्या बाहेरच्या बाजूवर खुणा, संपूर्ण काचेवर, दोन खुणांमध्ये ५ सेंमीपेक्षा जास्त मोकळी जागा न ठेवता. ठिपका असेल तर किमान ६ मिमी व्यासाचा, रेघ असेल तर किमान ३ मिमी जाड. ५ सेंमीच का? पक्षी फांद्यांच्या फटीतून अंग चोरून उडणारा प्राणी आहे. फट अंगापेक्षा मोठी दिसली की तो ती वाट समजतो. आधी नियम असा होता की आडव्या रेघांमध्ये ५ सेंमी आणि उभ्या रेघांमध्ये १० सेंमी अंतर चालतं. बऱ्याच पक्ष्यांना तो पुरतो, पण शिंजीर, फुलटोच्या, वटवट्या अशा चिमुकल्यांना १० सेंमीची फट म्हणजे दरवाजाच. म्हणून आता दोन्ही दिशांना ५ धरतात.

प्रश्न विचारा, ज्यांना काचकामातलं कळतं त्यांनी भर घाला.

---

चष्मिस | ३० मे, सकाळी ९:०२

ससाण्याचे काळे स्टिकर मिळतात की. मोठ्या खिडकीला एकदोन लावले तर भागत नाही का?

---

पाचूकवडा | ३० मे, सकाळी ९:२५

नाही. तो ससाणा हलत नाही, त्यामुळे पक्ष्याच्या लेखी तो ससाणा नसतोच, एक काळा डाग असतो. पक्षी तेवढा डाग चुकवतो आणि वीतभर बाजूला धडकतो. तेच स्टिकर ५-५ सेंमीवर दाटीने लावले तर काम करतील, पण मग ससाणा असो की बदाम, फरक पडत नाही.

---

लाकडीगज | ३० मे, सकाळी ९:४०

जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या खिडक्यांना लोखंडी गज असायचे, गज बाहेर आणि तावदान आत. पक्षी आपटल्याचं फारसं ऐकू यायचं नाही ते यामुळेच असावं. आताही बाहेरून बॉक्स ग्रिल असेल आणि गजांत १० सेंमीच्या आत अंतर असेल तर ती खिडकी ठिपके लावायच्या यादीत शेवटी टाका.

---

ॲल्युमिनियमवाले | ३० मे, सकाळी ११:१५

काचकामाच्या बाजूने थोडं.

बाहेरून का. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून पडलेल्या उजेडातला साधारण ४ टक्के परत फेकतो, म्हणजे दोन्ही मिळून ८. तिरप्या कोनातून त्याहून बराच जास्त. आतून लावलेली खूण या प्रतिबिंबाच्या *मागे* पडते. खोलीत उभं राहून ती ठळक दिसते, म्हणून लोक खूश असतात. बाहेर जाऊन सकाळी ८ वाजता बघा, खूण दिसत नाही, आंब्याचं झाड दिसतं. पडदा, व्हेनेशियन ब्लाइंड, आतली सनफिल्म यांचंही हेच.

काय लावायचं. नाक्यावरचा रेडियमवाला, जो नंबरप्लेट करतो, त्याच्याकडे प्लॉटर (चिकट व्हिनाइल कापायचं यंत्र) असतो. त्याला सांगायचं : ८ मिमीचे गोल, केंद्रापासून केंद्र ५ सेंमी, मॅट पांढरा व्हिनाइल, आउटडोअर ग्रेड, वर ट्रान्स्फर टेप (सगळे ठिपके एकत्र उचलणारी चिकटपट्टी) लावून शीट करून दे. ६ मिमीचे गोल कापता येतात, पण मधला कचरा सोलताना तेच उपटून येतात आणि तो वैतागतो. ८ बरे. व्हिनाइल मोनोमेरिक देत असेल तर नको म्हणा, उन्हात आक्रसतं आणि कडा उचलल्या जातात. पॉलिमेरिक घ्या, कास्ट मिळालं तर उत्तम.

रंग. झाडाचं प्रतिबिंब काळपट असतं, त्यावर पांढरा उठतो. फक्त आभाळ दिसणारी काच असेल तर काळा किंवा गडद. दोन्ही दिसत असतील तर पांढरा आणि काळा आलटून पालटून.

काच साफ करणं. इथेच सगळे चुकतात. आधी साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसायचं. कॉलिन वगैरे मारून लगेच चिकटवू नका, त्याचा थर राहतो. रंगाचे, सिमेंटचे शिंतोडे काढायला ब्लेड वापरण्याआधी काचेवरचं आरशासारखं कोटिंग कोणत्या बाजूला आहे ते पेन्सिल परीक्षेने बघा : पेन्सिलचं टोक बाहेरून काचेला टेकवा. टोक आणि ठळक प्रतिबिंबाचं टोक एकमेकांना भिडले तर कोटिंग बाहेरच्याच बाजूला आहे. मध्ये काचेच्या जाडीएवढी फट दिसली तर कोटिंग आत आहे. बाहेर कोटिंग असलेल्या काचेला ब्लेड लावलं की कायमचे ओरखडे, आणि त्यावर चिकटवण्याआधीही काच बनवणाऱ्याला विचारा.

लावणं. वाटीभर पाण्यात शांपूचे दोनतीन थेंब, फवारा मारून शीट बसवायची, मधून बाहेर रबरी पट्टीने पाणी काढायचं. अर्धा तास थांबून ट्रान्स्फर टेप अगदी तिरकी, काचेला लागून सोलायची. काटकोनात ओढली की ठिपके टेपबरोबर येतात. भर उन्हात करू नका. पाऊस लागायच्या आत, किंवा मग ऑक्टोबरात.

---

मोजमाप | ३० मे, दुपारी १२:३०

हिशेब मांडतो. काच १२० × १५० सेंमी. कडेपासून अडीच सेंमी सोडून ५-५ वर : २४ रांगा × ३० = ७२० ठिपके. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण ८ मिमीच्या ७२० ठिपक्यांनी काचेचा जेमतेम २ टक्के भाग झाकतो. उजेडात फरक जाणवत नाही.

रेडियमवाला नको असेल तर हाताने : ड्रॉइंगच्या कागदावर ५ सेंमीची चौकट आखून तो कागद आतून काचेला चिकटवा आणि बाहेरून प्रत्येक छेदावर ऑइल पेंट मार्करने ठिपका द्या. व्हाइटबोर्ड मार्कर पहिल्या सरीत जातो. पोस्टर कलर कोरड्या दिवसांत चांगला टिकतो, पावसाळ्यात बाद. चुन्याचा विचार मनात असेल तर सोडा. चुना क्षारधर्मी असतो, काचेवर जे डाग धरतो ते निघत नाहीत.

---

रानवाट | ३० मे, दुपारी १:०५

काचेला काहीच चिकटवायचं नसेल तर दोऱ्यांचा पडदा. त्याच १२० सेंमी खिडकीसाठी : चौकटीच्या वर ॲल्युमिनियमचा एल अँगल, त्याला दर १० सेंमीवर ५ मिमीचं भोक, कडेपासून ५ सोडून म्हणजे १२ भोकं. ३ ते ४ मिमी जाडीची गडद नायलॉन दोरी, १२ × १६० सेंमी म्हणजे १९.२ मीटर, २० मीटरचं एक बंडल पुरतं. वर गाठ, खाली मोकळी सोडायची. कापलेलं टोक लायटरने वितळवून घ्या, नाहीतर महिन्यात झाडू होतो.

अमेरिकेत ही युक्ती बरीच वापरली जाते. हलणाऱ्या दोऱ्या लांबून दिसतात. शिंजीर जास्त असतील तर अंतर ५ वर आणा, दोरी दुप्पट लागेल. किनारपट्टीवर जूनच्या वाऱ्यात मोकळ्या दोऱ्यांचा गुंता होतो, तिथे खाली दुसरा अँगल लावून प्रत्येक दोरी सैलसर बांधा.

---

उंचमाडी | ३० मे, दुपारी २:२०

हे सगळं बंगल्यांना ठीक. खरे दोषी आयटी पार्कातले काचेचे टॉवर आहेत. त्यांना कोण ठिपके लावणार?

---

मिशिगनकाठ | ३० मे, रात्री ८:४५

उंचमाडी, समज सार्वत्रिक आहे, पण आकडे उलटं सांगतात. अमेरिकेपुरता २०१४ मधला अंदाज वर्षाला ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात असा आहे. त्यात एक ते तीन मजली घरांचा वाटा सुमारे ४४ टक्के, चार ते अकरा मजली इमारतींचा सुमारे ५६, आणि उंच टॉवरांचा १ टक्क्याहून कमी. एकेक टॉवर जास्त मारतो हे खरं, पण टॉवर मोजके आणि घरं कोट्यवधी. शिवाय पक्षी दिवसभर वावरतो तो झाडाच्या उंचीवर. न्यूयॉर्कने पक्ष्यांना दिसेल अशा काचेसाठी २०२० चा कायदा केला तोही नव्या बांधकामाच्या खालच्या ७५ फुटांवर भर देऊनच.

मोठ्या इमारतीला ठिपके कोण लावतो, याचं उत्तर शिकागोत आहे. मॅकॉर्मिक प्लेस हे तळ्याकाठचं प्रदर्शन केंद्र, फार उंच नाही, पण काचच काच. तिथे फील्ड म्युझियम या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचे डेव्हिड विलार्ड १९७८ पासून मेलेले पक्षी वेचून नोंदवत आलेत, ४० हजारांवर. ५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे एका दिवसात जवळपास हजार पक्षी पडले : स्थलांतराची मोठी लाट, खराब हवा आणि आत दिवे चालू. २०२४ मध्ये काचांवर बाहेरून ठिपक्यांची फिल्म लावली, खर्च सुमारे १२ लाख डॉलर. त्यानंतरच्या मोसमात मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. वापरलं ते इथे चाललंय तेच : लहान ठिपके, जवळ जवळ, बाहेरून.

---

उंचमाडी | ३० मे, रात्री ९:१०

मान्य. मग सोसायटीत कुठून सुरू करायचं? सगळ्या इमारतीला तर कोणी परवानगी देणार नाही.

---

पाचूकवडा | ३१ मे, सकाळी ७:३०

नोंदवहीपासून. सूर्योदयानंतर तासाभरात इमारतीला एक फेरी, तारीख, वेळ, काच कोणती (विंग, मजला, दिशा), पक्षी, जिवंत की मेलेला. उशीर केला तर कावळे, मांजरं आणि झाडूवाले मावशी-काका तुमच्या आधी येऊन गेलेले असतात. म्हणून त्यांना आणि रात्रपाळीच्या वॉचमनला आधी विचारा, त्यांना काच पाठ असते.

पक्षी सापडला नाही तरी काच वाचता येते. तिरक्या उन्हात बाजूने बघा. पारवा किंवा कवडा आपटला असेल तर पिसांवरची पिठासारखी भुकटी काचेवर उठते, कधी कधी इतकी स्वच्छ की पसरलेले दोन्ही पंख, मान, उघडी चोच सगळं दिसतं. छोट्या पक्ष्यांचा असा ठसा पडत नाही, एखादं पिसाचं टोक चिकटलेलं असतं, तेवढंच.

दोनतीन महिन्यांत कळतं की शंभर काचांपैकी पाचसहाच काचा मारक आहेत : बागेसमोरची लॉबी, क्लब हाऊस, जिन्याची उभी काच, कोपऱ्याचं रेलिंग. कमिटीपुढे नोंदवही ठेवा आणि तेवढ्याच काचा मागा. भावनिक भाषण केलं की विषय 'पुढच्या मीटिंगमध्ये' जातो.

---

मोगरा | ३१ मे, सकाळी १०:१२

एक बुलबुल रोज सकाळी त्याच काचेवर चोच मारतो, मरत मात्र नाही. हेही आपटणंच का?

---

रानवाट | ३१ मे, सकाळी १०:४०

नाही मोगराताई, ती मारामारी आहे. विणीच्या काळात बुलबुल, दयाळ, शिंजीर आपल्याच प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजतात. गाडीच्या आरशावरही करतात. जिवाला धोका कमी, पण पक्षी दमतो. यावर ठिपक्यांचा फारसा उपयोग नाही, कारण त्याला स्वतःचा चेहरा दिसत राहतो. तेवढा भाग बाहेरून जुन्या चादरीने किंवा वर्तमानपत्राने झाका. वीण सरली की काढा.

---

दाणापाणी | ३१ मे, सकाळी ११:३०

पाण्याचं भांडं आणि दाणे खिडकीपासून किती लांब ठेवावेत?

---

पाचूकवडा | ३१ मे, सकाळी ११:५०

एक तर १ मीटरच्या आत, नाहीतर १० मीटरच्या पलीकडे. अगदी जवळ असेल तर दचकून उडालेल्या पक्ष्याला वेग घ्यायला जागा मिळत नाही, धक्का बसतो पण जीव वाचतो. सर्वांत वाईट म्हणजे मधलं, तीनचार मीटरचं अंतर. नेमकं तिथेच लोक तुळशीवृंदावनाशेजारी भांडं ठेवतात.

---

चष्मिस | ३१ मे, दुपारी १२:१५

काच विद्रूप होऊ नये म्हणून अतिनील खुणांची फिल्म येते ना, माणसाला न दिसणारी?

---

ॲल्युमिनियमवाले | ३१ मे, दुपारी १:००

येते, महाग असते. अडचणी दोन. सगळ्या पक्ष्यांना अतिनील सारखं दिसत नाही. बऱ्याच गाणाऱ्या पक्ष्यांना दिसतं, पण कबुतरांच्या आणि शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यांची घडण वेगळी. आणि पहाटे किंवा ढगाळ हवेत मुळात अतिनील उजेडच तुटपुंजा असतो, तेव्हाच तर आपटतात. माणसाला दिसणारी खूण जास्त भरवशाची.

---

मोजमाप | ३१ मे, दुपारी १:२०

पारव्यांसाठी लावतात ती नायलॉन जाळी चालेल का, याचंही उत्तर देऊन टाकतो, कारण ती घरोघरी आहे. चालेल, पण ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली आणि काचेपासून ८ ते १० सेंमी पुढे हवी, म्हणजे पक्षी आदळला तरी जाळीवरून परत फिरतो. सैल, फाटलेली जाळी काचेपेक्षा वाईट : पाय, पंख अडकतो आणि पक्षी उन्हात लटकून मरतो. मच्छरजाळीही उत्तम, जर ती बाहेरच्या ट्रॅकवर असेल तर. आतल्या ट्रॅकवर असेल तर फायदा फक्त तुम्हाला, डासांपासून.

---

मोगरा | १ जून, सकाळी ७:०५

पडलेल्या पक्ष्याला लगेच पाणी पाजावं का?

---

रानवाट | १ जून, सकाळी ७:१५

अजिबात नाही. बेशुद्ध पक्ष्याच्या चोचीत पाणी घातलं की ते श्वासनलिकेत जातं. मार डोक्याला असतो, त्याला हवा अंधार आणि शांतता.

बुटाचा खोका, आधी भोकं पाडलेली (पक्षी आत ठेवून भोकं पाडत बसू नका), तळाशी सुती कापड. दोन्ही पंख अंगाशी धरून उचला, आत ठेवा, झाकण लावा. पंखा, एसी, मांजर, मुलं, फोटो यांपासून लांब. अर्ध्या तासाने खोका बाहेर झाडाजवळ, काचेपासून दूर नेऊन उघडा. हवेत भिरकावू नका. उडाला नाही तर झाकण लावा, पुन्हा अर्ध्या तासाने. दोनेक तासांत उडाला नाही, पंख लोंबतोय, चोचीतून किंवा डोळ्यातून रक्त आहे, एका बाजूला कलंडतोय, तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६. मुंबईकरांना परळचं बैलघोडा रुग्णालय ठाऊक असेलच. अंधार पडल्यावर सापडला तर रात्रभर खोक्यात, उजाडल्यावर सोडा. 'बरा होईपर्यंत घरी पाळतो' हे वन्यजीव कायद्यात बसत नाही.

---

नवघर | १ जून, दुपारी ४:३०

घर बांधायला काढलंय, काच अजून मागवलेली नाही. आत्ताच काय सांगू?

---

ॲल्युमिनियमवाले | १ जून, सायंकाळी ६:००

बरं झालं आत्ता विचारलंत. टफन काच भट्टीतून निघाली की तिला कापता, भोक पाडता येत नाही, आणि सिरॅमिक ठिपके भट्टीतच भाजले जातात. तेव्हा ऑर्डर देतानाच : ठिपके किंवा रेघा ५ सेंमीच्या आत, आणि पृष्ठभाग क्रमांक १ वर, म्हणजे बाहेर. न सांगता सोडलं तर सवयीने आतल्या पृष्ठभागावर भाजतात. ऑर्डरवर लिहून घ्या. बाहेरच्या बाजूने ॲसिड-एच केलेली (ॲसिडने खरवडून नक्षी उमटवलेली) काचही चालते. जिना आणि बाथरूमला सरळ दुधी काच, पण खरखरीत बाजू बाहेर येईल अशी बसवा. रेलिंगला काचेऐवजी उभे गज. स्वस्त पडतं, आणि पुसायला नको.

आणखी एक : डबल ग्लेझिंगवर (दोन काचांच्या जोडतावदानावर) पुढे कधी गडद, अखंड फिल्म लावू नका. मधला भाग तापतो, रबरात दडलेली कड थंड राहते आणि काच कडेपासून तडकते. २ टक्के ठिपक्यांना हा धोका नाही.

---

नवघर | १ जून, सायंकाळी ६:४०

आणि स्लायडिंग खिडकीला बाहेरून ठिपके लावायचे कसे? वरच्या मजल्यावर हात पोचत नाही. शिवाय शटर (सरकणारी तावदानं) एकमेकांवर सरकताना घासले जाणार नाहीत का?

---

ॲल्युमिनियमवाले | १ जून, सायंकाळी ७:१०

खिडकीबाहेर वाकून कोणीही लावू नका. स्लायडिंगचं शटर आत काढता येतं : अँटी-लिफ्टचा तुकडा (शटर वर उचललं जाऊ नये म्हणून बसवलेला) असेल तर तो सोडवा, शटर दोन्ही हातांनी वरच्या ट्रॅकमध्ये उचला, खालची बाजू ट्रॅकवरून आत घ्या, मग वरचं खाली. आतलं शटर आधी, बाहेरचं नंतर. ५ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो, मोठ्या शटरला दोन माणसं लागतात. जमिनीवर चादर अंथरून आडवं ठेवा. काढण्याआधी बाहेरच्या बाजूला मार्करने फुली करा, नाहीतर एवढे ठिपके आतल्या बाजूला लागायचे.

घासण्याचं म्हणाल तर व्हिनाइल मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं पातळ असतं, दोन शटरांमधल्या फटीत त्याला भरपूर जागा आहे. वूल पाइलची केसाळ पट्टी मात्र कडेच्या एका रांगेवर घासते. ती रांग दोन सेंमी आत घ्या.